उजवी बाजू

१

पाचोऱ्यात रेल्वे लाइनीपलीकडच्या कॉलनीत दिपमालाचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. तो संपायचा कधी, हे मात्र गेल्या दीड वर्षात तिला नीट कळलेलं नव्हतं. उठलं की आधी नवऱ्याला कुशीवर वळवायचं. मग ओलं फडकं, पावडर, धुतलेली चादर. मग नागलीची पेज, तीही चमच्याचमच्यानं, कारण घाई केली की ठसका लागायचा आणि मग अर्धा तास जीव टांगणीला. हे सगळं उरकेपर्यंत नऊ वाजायचे. तेवढ्यात तिचा स्वतःचा चहा दोनदा गार झालेला असायचा.

नवरा, प्रेमराज, रेल्वेत ट्रॅकमन होता. पस्तीस वर्षं रुळांवरून चालला. रिटायर झाला आणि अकराव्या महिन्यात मोरीच्या उंबऱ्यात पडला. "उजवी बाजू गेली," डॉक्टर म्हणाले. वाचाही गेली. उरला एकच शब्द, 'हां'. पाणी हवं का? हां. पंखा बंद करू? हां. राहू देऊ? हां. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणायच्या, "बाजू परत येते काकू, वेळ लागतो." पुढे त्या यायच्या बंद झाल्या. बाजू काही आली नाही.

घरामागे परस होतं. खाटेजवळच्या खिडकीतून दिसेल एवढंच, दोन वाफ्यांचं. प्रेमराज दरवर्षी तिथे टरबुजं लावायचा. या जानेवारीत दिपमालानं ती लावली. मुलगी चारुलता धुळ्याला एका रोपवाटिकेत कामाला होती. ती फोनवर म्हणाली होती, "आई, बाबांना खिडकीतून काहीतरी हिरवं दिसू दे." दिपमालानं हो म्हटलं, पण खरं कारण वेगळं होतं. परसात असलं की तेवढा वेळ त्या खोलीतून बाहेर असायला मिळायचं, आणि कुणी विचारलं तर सांगायला काम असायचं.

वेल मात्र रुसलेले होते. पानांवर नागअळीच्या पांढऱ्या रेघा उमटल्या. त्या निंबोळीच्या फवाऱ्यानं आटोक्यात आल्या. मग फुलं आली, पिवळीधमक, आणि दोन दिवसांत गळून पडू लागली. फळ एकही धरेना. दिपमालानं फोटो काढून पाठवले.

"आई, ज्या फुलाखाली गोटीएवढं फळ दिसतं ना, ते मादी फूल. बाकीची नर. मधमाश्या नसतील तर आपल्यालाच करावं लागतं. नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या सोलायच्या आणि मधला दांडा मादी फुलात हलकेच फिरवायचा. बाबा करायचे बघ. पण नऊच्या आत. नंतर फूल मिटतं."

"नऊच्या आत मला श्वास घ्यायला तरी वेळ असतो का गं?" दिपमाला म्हणाली.

चारुलताला यायचं असायचं, पण रोपांचा हंगाम होता. दोघींनाही ते ठाऊक होतं.

२

होळीनंतरच्या एका सकाळी दिपमाला झारी घेऊन मागे गेली, तर वाफ्याच्या कडेला नर फुलांचे सोललेले दांडे पडले होते. सात-आठ. वाऱ्यानं विखुरल्यासारखे नव्हेत. एका ओळीत, एकाच दिशेला देठ करून ठेवल्यासारखे. पाकळ्यांचा लहानसा ढीग बाजूला.

चार दिवसांत त्या वेलांवरची फळं धरली. पिवळी पडून गळायची ती हिरवी राहिली, बोराएवढी झाली, मग लिंबाएवढी. तिला बरं वाटलं. कुंपणाच्या भिंतीपलीकडे उखर्डूनाना राहायचे. सत्तरीपार, एकटे, प्रेमराजचे रेल्वेच्या गँगमधले जुने सोबती. त्यांनीच हे केलं असणार, असं ती धरून चालली. दुपारी ताकाचा तांब्या घेऊन ती त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली, "नाना, तुम्ही फुलांना हात लावलात, बरं झालं बाई. माझ्याच्यानं ते होत नव्हतं."

नानांनी तांब्या हातात घेतला. "मी काबरं येसू तुन्हा वाडामा? मन्हा गुडघाच वाकत नही."

ते खरंच होतं. नाना गेल्या वर्षापासून उकिडवे बसू शकत नव्हते. तांब्या रिकामा करून घेऊन ती परत आली.

संध्याकाळी प्रेमराजचे हात पुसताना तिचं फडकं थांबलं. उजवा हात, जो खाटेवर ठेवला तिथेच राहायचा, ज्याची बोटं तिला एकेक करून उलगडावी लागायची, त्या हाताच्या अंगठ्याला आणि तर्जनीला पिवळं लागलं होतं. बारीक, पिठासारखं. करंगळीला नव्हतं. त्या करंगळीला वरचं पेरच नव्हतं. ते फार वर्षांपूर्वी रुळाच्या सांध्यात चेंगरून गेलेलं.

हळद असेल, ती मनाशी म्हणाली. मीच हळदीच्या हातानं धरला असेल. तिनं फडकं नाकाशी नेलं. हळदीचा वास नव्हता. किंचित गोडसर, हिरवा वास होता.

प्रेमराज तिच्याकडे बघत होता. डोळ्यांत काय होतं, हे वाचायचं तिनं कधीच सोडून दिलं होतं.

३

दुसऱ्या दिवशीही पिवळं लागलेलं होतं. तिसऱ्याही.

दिपमाला भाबडी बाई नव्हती. वीस वर्षं तिनं अंगणवाडी चालवली होती. कुणाच्या अंगात आलं म्हटलं की आधी ताप बघणारी बाई ती. तिनं संशय स्वतःवरच धरला. महिन्यापूर्वी तिनं दूध कपाटात ठेवून कपाट बंद केलं होतं. एकदा भाजीत मीठ तीनदा घातलं. एकदा तर हातात कंगवा घेऊन ती गॅससमोर उभी होती आणि आपण इथे कधी आलो ते तिला आठवेना. इतकी झोप साचली की माणूस उभ्या उभ्या कामं करतो आणि विसरतो. तीच भल्या पहाटे मागे जात असेल, फुलं लावत असेल आणि त्याच हातानं येऊन नवऱ्याला वळवत असेल. सरळ हिशेब होता. तिला त्या हिशेबाचं जवळजवळ सुखच वाटलं. म्हणजे थकवाच. दुसरं काही नाही.

खात्रीसाठी तिनं मागच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली पोलक्याच्या आत, मंगळसूत्राला दोऱ्यानं बांधून ठेवली.

सकाळी किल्ली जागेवर होती. दोऱ्याची गाठ तिची स्वतःचीच, दुहेरी. कुलूप लावलेलं. तिनं ते उघडलं, बाहेर गेली, आणि वाफ्याच्या कडेला अकरा सोललेले दांडे होते, एका ओळीत, देठ घराकडे.

आत येऊन तिनं प्रेमराजचा उजवा हात उलटा केला. पिवळं होतंच. शिवाय नखांत माती होती. ओली.

ती कितीतरी वेळ तो हात मांडीवर घेऊन बसून राहिली. मग उठून बादली आणली आणि ब्रशनं नखं घासली, कारण घाण तशीच ठेवून चालत नाही.

"बाहेर गेला होता का?" तिनं विचारलं. आवाज थट्टेचा निघावा असं तिला वाटत होतं.

"हां," प्रेमराज म्हणाला.

४

एप्रिल लागला तसं ऊन चटके देऊ लागलं. अकरा ते पाच कॉलनीतली सगळी दारं-खिडक्या बंद. कूलरची घरघर, पाण्याच्या मोटारी आणि लाइनीवरून जाणाऱ्या गाड्या, एवढेच आवाज.

परसात एका सकाळी लहान टरबुजं खाली पडलेली दिसली. मुठीएवढी, पंधरा-वीस. पाणी कमी-जास्त झालं असेल, नाहीतर फळमाशी. तिनं फोटो पाठवले. चारुलताचा लगेच फोन आला.

"गळालेली नाहीत गं ही, तोडलीयेत. देठ बघ, नखानं तोडल्यासारखे स्वच्छ आहेत. आणि वेलावर एकेकच राहिलंय ना? आई, तू बाबांसारखी विरळणी केलीस! एका वेलाला एकच ठेवायचं, म्हणजे सगळा जोर त्याला मिळतो. बरोब्बर केलंस."

"हो," दिपमाला म्हणाली.

"कधी शिकलीस?"

"बघून बघून."

फोन ठेवल्यावर तिला वाटलं, खरं सांगायला हवं होतं. पण खरं म्हणजे काय, आणि ते कुठल्या शब्दांत? मुलगी घाबरून धावत आली असती, आईला डॉक्टरकडे नेलं असतं, आणि ते चार दिवस ह्यांना कुणी वळवलं असतं?

त्याच दिवशी वाफ्यांमधल्या ओल्या पाटात तिला पाऊल दिसलं. अनवाणी, रुंद, पुरुषाचं. त्यापुढे दोन-अडीच हातांवर आणखी एक. मग आणखी. ती वाकून बघत पाटाच्या टोकापर्यंत गेली आणि तिथे पोचल्यावर तिला कळलं की मघापासून काय खटकतंय. सगळी पावलं उजवी होती. डावं एकही नव्हतं. उड्या मारत लंगडी घालावी तशी खोल रुतलेलीही नव्हती. सावकाश, चालीतली पावलं. फक्त मधली डावी तेवढी कुणीतरी उचलून नेल्यासारखी.

तिनं झारीनं पाणी सोडून ती मोडली.

त्या संध्याकाळी कूस बदलताना तिच्या लक्षात आलं, की हल्ली उजवीकडून उचलायला जोर लागतच नाही. डावी बाजू जड होती, हाडामांसाची, घामट. उजवा हात उचलला तर दोरीवरचा सदरा उचलल्यासारखा वर यायचा. पुढच्या तपासणीला तिनं डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "वापर नाही ना, स्नायू झिजतात." तेही खरंच होतं. सगळ्यालाच काहीतरी खरं कारण होतं.

५

"दिपमाला! गडी बरा व्हयना वाटस. सांगं बी नही तू!"

उखर्डूनाना भिंतीवर हनुवटी टेकून उभे होते. चेहरा आनंदानं फुललेला. ती कपडे वाळत घालत होती.

"कोण बरं झालं, नाना?"

"कोन म्हंजे? प्रेमराज. सकाये दखं मी त्याले, वेलमा बठेल व्हता. हाक मारी, पन वयीसन दखं नही त्यानी."

तिच्या हातातली चादर पिळायची राहिली. पाणी पायांवर टपकत होतं. "चष्मा लावला होता का तुम्ही?"

"चष्मा कसाले? पस्तीस वरीस दखी ऱ्हायनू त्यानी पाठ." नाना हसले. मग जरा थांबून, आवाज उतरवून म्हणाले, "पानं लई शेतस ना. आख्खा नही दिसना. इकडला खांदाच दिसना." आणि त्यांनी आपल्या उजव्या खांद्यावर हात ठेवून दाखवलं.

"झोपलेले आहेत ते," दिपमाला म्हणाली. "सकाळपासून."

नानांचं हसू हळूहळू गेलं. ते तिच्याकडे बघत राहिले, मग वेलांकडे. ते भिंतीपासून मागे सरले, आणि त्यानंतर त्या बाजूची त्यांची खिडकी तिला कधी उघडी दिसली नाही.

६

दिपमालानं ठरवलं की बघायचंच. काय असेल ते असो. नुसतं वाट बघत राहायला अंगात त्राण लागतं आणि ते तिच्यात उरलं नव्हतं. तिनं प्रेमराजचं सगळं त्या दिवशी साडेपाचलाच उरकलं. तो पडू नये म्हणून खाटेचा कठडा लावला, स्वयंपाकघरात आली आणि ओट्यामागच्या खिडकीचं दार बोटभर उघडून उभी राहिली.

उजाडलं होतं. लाइनीवरून मालगाडी गेली, तिचे डबे संपता संपेनात. वेलांवर फुलं उमलली होती. बराच वेळ काही झालं नाही. तिला उभ्या उभ्या डुलकी आली असावी, कारण डोळे उघडले तेव्हा मधल्या वेलाची पानं हलत होती आणि वारा नव्हता.

पानांमधून हात वर आला. मनगटापर्यंतच दिसत होता; खाली पानांचा दाट थर. त्यानं एक नर फूल खुडलं. अंगठ्यानं आणि तर्जनीनं एकेक पाकळी सोलली, अगदी बेतानं. मग शेजारच्या फुलाचं तोंड जरासं उघडून दांडा आत फिरवला. करंगळी बाजूला उचललेली होती आणि तिला वरचं पेर नव्हतं.

किंचाळावंसं तिला वाटलं नाही. तिला आठवलं की हा हात इतका हलका, इतका समजूतदार होता, आणि हे ती विसरूनच गेली होती. दीड वर्षं ती ज्याची बोटं उलगडत होती ते दुसरंच काहीतरी होतं. ती नुसती बघत राहिली. हातानं काम संपवलं, दांडा वाफ्याच्या कडेला ठेवला. मग तो थांबला. बोटं किंचित उचलली गेली, आणि तळवा सावकाश घराकडे वळला. आवाज कुठून येतोय ते ऐकावं तसा.

खोलीतून प्रेमराज ओरडला. "हां! हां!"

ती धावत गेली. त्याची नजर खिडकीवर खिळली होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं डाव्या हातानं तिचं मनगट असं धरलं की बांगडी पिचली. खिडकीबाहेर आता फक्त वेल होते, उन्हाची पहिली तिरीप आणि एक चिमणी.

"तुमचंच आहे ना ते?" तिनं विचारलं. ती त्याच्या शेजारी खाटेवर बसली. "बाजू परत येते म्हणाल्या होत्या त्या बाई. ती यायला बघतेय का? येऊ देऊ आत?"

"हां," प्रेमराज म्हणाला.

"की नको येऊ देऊ?"

"हां."

त्यानं मनगट सोडलं नाही. हा आनंद आहे की भीती, हे तिला ठरवता आलं असतं. तेवढी वर्षं ती त्याच्याबरोबर राहिली होती. पण ठरवायला लागणारी ताकद त्या सकाळी तिच्याकडे नव्हती. तिला एवढंच वाटलं, की तो हात परत आला, तर तो स्वतःचा पेला स्वतः धरेल.

७

रविवारी दुपारी तिनं मागचं दार उघडं ठेवलं.

ऊन इतकं की परसाकडे बघवत नव्हतं. दारातून आत आलेला पांढरा चौकोन फरशीवर पडला होता, खाटेच्या पायापासून चार हातांवर. कूलर तिनं बंद केला, ऐकू यावं म्हणून. खाटेजवळ चटई टाकून ती भिंतीला टेकून बसली. जागं राहायचं, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. पाण्यानं डोळे धुतले होते, चहा दोनदा घेतला होता. पण दीड वर्षाची झोप होती ती. ती काही विचारून आली नाही.

झोपेत तिला पाऊल ऐकू आलं. ओलं पाऊल फरशीवर पडतं तसा चपकन आवाज. मग मधली जागा, दुसऱ्या पावलाएवढी. मग परत तोच आवाज, जरा जवळ. ओल्या मातीचा वास आला आणि तो गोडसर, हिरवा वास. तिच्या पायांवरून सावलीचा गारवा सरकला.

खाट करकरली. प्रेमराजच्या घशातून एक आवाज निघाला. 'हां' नव्हता तो. त्याला त्याहून मोठं काहीतरी म्हणायचं होतं आणि तोंड अर्धंच होतं. त्याची डावी टाच खाटेच्या लोखंडी पट्टीवर आपटू लागली. एकदा, दोनदा, मग भराभर. मग थांबली.

डोळे उघडता आले नाहीत, की आपण उघडले नाहीत, हे दिपमालाला पुढे कधीच नक्की सांगता आलं नाही. अंगावर गोणी ठेवल्यासारखं जड झालं होतं, हे खरं. पण टाच आपटत होती तेव्हा आपण जाग्या होतो, हेही खरं.

थोड्या वेळानं पावलं तिच्याजवळून बाहेर गेली. आता मधे जागा नव्हती. एक, दोन. एक, दोन.

८

ती उठली तेव्हा पांढरा चौकोन भिंतीवर चढला होता. प्रेमराज पाठीवर होता, डोळे उघडे, श्वास चालू. तिनं उजवा हात उचलला. नेहमीसारखा, सदऱ्यासारखा. मग तिनं डावा उचलला.

तोही तसाच वर आला.

"अहो," ती म्हणाली. "अहो, पाणी देऊ?"

त्यानं काही म्हटलं नाही. 'हां'सुद्धा नाही. बुबुळं तिच्याकडे वळली नाहीत. ओठांच्या दोन्ही कडा सारख्याच ओघळलेल्या होत्या.

परसात काहीतरी हललं. तिनं खिडकीतून बघितलं.

वेलांमधून एक माणूस चालत होता. तिच्याकडे पाठ. बनियन, पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, तीच तिनं सकाळी प्रेमराजला घातली होती. दोन्ही हात, दोन्ही खांदे. पायाखाली एकही पान चिरडू न देता, पाटातून पाऊल टाकत तो मागच्या फाटकाकडे जात होता. रुळांवरून स्लीपर मोजत चालल्यासारखा, न थकता. बनियनच्या गळ्यातून दिसणाऱ्या पाठीला खाटेचा एकही व्रण नव्हता. ती ज्या पाठीला रोज औषध लावायची, ती पाठ तिच्याइतकी कुणाला ठाऊक असणार?

"अहो!" तिनं हाक मारली.

तो थांबला. मान किंचित कलली. तो आता वळेल असं वाटलं, आणि त्या क्षणी तिला कळलं की त्यानं वळलेलं तिला नकोय, काहीही झालं तरी नकोय. तो वळला नाही. फाटक उघडून बाहेर गेला, बाहेरून हात घालून कडी नीट लावली आणि लाइनीच्या कडेनं निघून गेला.

तिला भीती नंतर वाटली. आधी वाटला तो राग. दीड वर्ष तिनं कष्ट उपसले होते, आणि तो धडधाकट होऊन चालता झाला होता, आणि जे उरलं होतं ते तिच्यापाशी ठेवून गेला होता.

मागे वळून तिनं उरलेल्याकडे बघितलं. श्वास येत होता, जात होता. चादर ओली झाली होती. ती बदलायला हवी होती.

९

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका. या खेपेला डावी बाजू. कधी झाला, कुणी होतं का जवळ? मी होते, दिपमाला म्हणाली, पण डोळा लागला होता. "तुमचा दोष नाही," डॉक्टर म्हणाले, आणि ती मान खाली घालून बसली. हृदय चांगलं आहे, ते पुढे म्हणाले, असे पेशंट बरीच वर्षंही राहतात. धुळ्याला मोठ्या दवाखान्यात दाखवून घ्या.

चारुलता त्याच रात्रीच्या गाडीनं आली. बापाला बघून रडली, मग आईला बघून जास्त रडली. "आता तू इथे एकटी राहायचं नाहीस. दोघांनीही माझ्याकडे यायचं," ती म्हणाली आणि दोन दिवसांत तिनं सगळी व्यवस्था केली. दिपमालानं कशालाच विरोध केला नाही. परसातली टरबुजं काढायला झाली होती. चारुलता म्हणाली, चार बरोबर घेऊ. दिपमाला म्हणाली, "नको. राहू देत तिथेच." तिच्या आवाजात असं काही होतं की मुलीनं पुन्हा विचारलं नाही.

बुधवारी सकाळी ॲम्ब्युलन्स निघाली. पुना नावाचा ड्रायव्हर, भडगावकडचा, बोलका माणूस. मागे स्ट्रेचरवर प्रेमराज, शेजारच्या बाकावर मायलेकी. भडगाव गेलं, गिरणेचा पूल गेला. पारोळा मागे पडेपर्यंत ऊन माथ्यावर आलं होतं. चारुलता दोन रात्रींची जागी होती; पत्र्याला डोकं टेकून तिला झोप लागली. दिपमालानं प्रेमराजच्या छातीवर हात ठेवला होता, गचके बसू नयेत म्हणून. ती छाती इतकी हलकी होती की हात दाबूनच धरावा लागायचा.

पुनानं गाडीचा वेग कमी केला. मधल्या जाळीतून तो म्हणाला, "मावशी, पुढे एक जन हात करी ऱ्हायना. पायी शे बिचारा. ऊन केवढं शे! बसाडू का? मन्हाजोडे जागा शे."

तिनं जाळीतून पुढे बघितलं. रस्ता उन्हानं पाण्यासारखा लवलवत होता. त्या लवलवीत कडेला एक माणूस उभा होता, बनियन घातलेला, हात वर केलेला. तो पाठमोरा नव्हता. गाडी जवळ जाईल तसा त्याचा चेहरा स्पष्ट होणार होता. अजून तो एक फिका डाग होता, आणि इतक्या लांबून दिसू नये ते काहीतरी त्या डागात आत्ताच दिसू लागलं होतं.

"नको," दिपमाला म्हणाली. "चालू दे गाडी."

"पन मावशी, म्हातारा मानूस..."

"आपल्याकडे जागा नाही."

पुनानं चुकचुकत गिअर टाकला. दिपमालानं डोळे मिटून घेतले. या वेळी ती जागी होती आणि डोळे तिनं स्वतः मिटले होते. त्यात तिला काही शंका नव्हती. गाडीनं वेग घेतला. मग बाहेरच्या अंगाला, तिच्या पाठीमागच्या पत्र्यावर, उघड्या तळव्याची एक थाप पडली. जोरात नव्हे. घरचं दार वाजवावं तशी.

चारुलता दचकून उठली. "आई, काय लागलं गाडीला?"

दिपमालानं डोळे उघडले. प्रेमराजच्या ओठांच्या कडेला लाळ आली होती. ती तिनं पदरानं टिपली आणि हात परत त्याच्या छातीवर ठेवला, दाबून.

"खड्डा होता," ती म्हणाली. "झोप तू."